तिला झालं, मला नाही

माझ्या बायकोला जे झालं, त्याच्यासाठी मी कित्येक वर्षं भिंतीकडे तोंड करून बसत होतो. तिनं मात्र त्यासाठी काहीच केलं नव्हतं. ती दातांची डॉक्टर. नागपुरात धंतोलीला तिचा छोटा दवाखाना आहे. दात घासत नसताना घासतो म्हणून सांगणाऱ्या पेशंटकडे ती जशी बघते, तशीच माझ्या ध्यानाकडे बघायची. कॉलेजपासूनची ओळख असल्यामुळे आमच्यात 'अहो' कधी आलंच नाही, आणि थट्टा करायला परवानगीही लागत नाही.

माझं सुरू झालं ते सीताबर्डीत. व्हरायटी चौकात एका संध्याकाळी मी शर्ट घ्यायला गेलो होतो. गर्दी रोजचीच. अचानक छाती आवळल्यासारखी झाली, हातपाय गार पडले आणि मी आता इथेच जाणार असं वाटलं. ऑटोवाल्यानं हॉस्पिटलात पोचवलं. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, घबराहट आहे, श्वासाकडे लक्ष द्यायला शिका. मी शिकलो. पुढे पुढे चौकात उभं राहता येऊ लागलं, झोप लागू लागली, घरी आवाज चढणं कमी झालं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे सांगणार आहे त्यानं या गोष्टीची किंमत कमी होत नाही.

मी वर्धा रोडवरच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात होतो. थोड्याच दिवसांत कंपनीलाही माइंडफुलनेसची, म्हणजे सजगतेची, हौस आली आणि काम माझ्याकडे आलं. मी पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं. मग दर महिन्याला मीटिंग रूममध्ये दहाबारा पोरापोरींना बसवून मी प्रत्येकाच्या हातावर संत्र्याची एक फोड ठेवायचो. आधी बघा, वास घ्या, जिभेवर ठेवा, घाई नको. पोरं प्रामाणिकपणे करायची. एकदोघींच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाहेर पडताना सगळे थोडे हळू चालायचे, लिफ्टपाशी पोचेपर्यंत तरी.

याच सुमारास मी जपानी बौद्धांच्या झेन ध्यानाबद्दल वाचू लागलो. माणसं वर्षानुवर्षं बसतात, आणि मग एक दिवस असं काही उलगडतं की बघणारा आणि बघितलेलं हा फरकच उरत नाही. मला प्रश्न पडला, माझी संत्र्याची फोड ही त्याच रस्त्यावरची पहिली पायरी आहे, की हा रस्ताच वेगळा आहे? विचारायला कोणी नव्हतं. मग ऑफिसातल्या एकानं जुन्या शहरातल्या महाल भागात राहणाऱ्या एका बाईंबद्दल सांगितलं.

बाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. उमरेडच्या विणकर घरातल्या. आजोबांकडे हातमाग होते, वडील नागपुरात आले आणि दुसऱ्या कामाला लागले, आणि ही मुलगी कापड रंगवण्याचं रसायनशास्त्र शिकून जपानला गेली. तिथं एका गिरणीत नोकरी. गिरणीच्या वसतिगृहामागं झेनचं एक देऊळ होतं. शांत बसायला मिळतं म्हणून त्या जाऊ लागल्या आणि पुढं सुट्टी मिळेल तेव्हा तिथंच राहू लागल्या. त्यांच्या गुरूंनी, अनेक वर्षांनी, शिकवायला मोकळीक दिली. मग इकडे आई अंथरुणाला खिळली म्हणून त्या परत आल्या, त्या कायमच्या. लग्न केलं नव्हतं. रविवारी सकाळी त्यांच्या समोरच्या खोलीत चारपाच माणसं उशा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. इतक्या वर्षांच्या जपाननंतरही बाईंची बोली महालातलीच राहिली होती.

पहिल्याच रविवारी मी त्यांना माझा प्रश्न विचारला. ऑफिसातली फोड, सजगता, आणि झेनमधलं ते दर्शन, यांचा काही संबंध आहे का?

"मले माहीत नाही गा," बाई म्हणाल्या.

मला वाटलं त्या टाळतायत. पण त्या विचार करत होत्या.

"मले जे झालं ते मी लक्ष देऊन राहिली होती तेव्हा नाही झालं. सात दिवसांची बैठक होती. मी जीव तोडून लक्ष दिलं. काही नाही. शेवटच्या दिवशी थकली. मले टॉवेल वाळू घालायले पाठवलं. म्हटलं, जाऊ दे आता, आपल्या नशिबात नाही. तेव्हा झालं. पण आधी धरलंच नसतं तं सुटलं काय असतं? ते मले आजही सांगता येत नाही. तू बस."

मी बसू लागलो. दर रविवारी, आणि घरी रोज सकाळी गॅलरीत. गुडघे दुखले, मग सवय झाली. कधी श्वास इतका हलका व्हायचा की उजेड दिसल्यासारखं वाटायचं. मी आनंदानं बाईंना सांगायला जायचो आणि त्या म्हणायच्या, "बरं. उजेडाले राहू दे, तू बस." घरी बायको चहाचा कप ठेवून जाताना विचारायची, "आज दिसलं का काही?"

तिचे वडील गेले त्याला वर्ष झालं, तेव्हाची गोष्ट. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग. माणूस कष्टाळू, हिशेबी, आणि मुलीवर जीव असलेला. शेवटची दीड वर्षं ते आजारी होते. बायको दर शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून गाडी काढायची आणि रविवारी परत यायची. ते गेले तेव्हा ती रडली नाही. दिवस करून आली आणि सोमवारी तिनं एका पेशंटची अक्कलदाढ काढली.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे परतले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आणि तिचा भाऊ एवढेच बागेत होतो. फेब्रुवारीचं ऊन. झाडांवर मृग बहाराची संत्री पिवळी झाली होती. भावाला काटोलला व्यापाऱ्याकडे जायचं होतं. मोटरसायकल चालू करता करता तो बहिणीला म्हणाला, "ताई, लाइन आली की मोटर सुरू करजो. टाकं भरू दे."

वीज आली. ती विहिरीकडे गेली. मी झाडांच्या ओळींमधून हळूहळू चालत होतो. पाऊल उचलणं, पुढं नेणं, टेकवणं, माझं रोजचं चालण्याचं ध्यान. स्टार्टरचा खटका ऐकू आला, मोटर घरघरली, पाइपातून आधी हवा खोकली आणि मग सिमेंटच्या टाक्यात पाणी पडू लागलं. मी लांबून तिच्याकडे पाहिलं. ती टाक्याच्या कठड्याशी उभी होती. वडिलांची आठवण येत असेल, असं मनात येऊन मी माझ्या पावलांकडे परत वळलो.

बऱ्याच वेळानं टाकं भरून वाहू लागलं तरी मोटर चालूच, म्हणून मी तिकडे गेलो. तिच्या चपला भिजल्या होत्या. मी म्हटलं, "अगं, बंद कर ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. ओळख नसल्यासारखी नव्हती. उलट पहिल्यांदाच ओळखल्यासारखी होती. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. वर्षभर न रडलेलं सगळं त्या दुपारी निघालं. मी मोटर बंद केली. तिला काय झालं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "खरंच काही नाही."

संध्याकाळी निघताना तिनं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. एरवी गाडी तीच चालवते. काटोलला चहाला थांबलो तिथं मंडईतून संत्र्याचे क्रेट गाडीत चढत होते. ती कप हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली, चहा गार झाला तरी.

पुढचे काही आठवडे ती शांत होती. उदास नव्हे, शांत. आमचा पाण्याचा टँकर आला नाही तरी ती कोणाला फोनवर झापत नव्हती. स्वयंपाक करताना गुणगुणायची. मला काळजी वाटू लागली, आणि विचारलं की ती म्हणायची, बरी आहे.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "तुझ्या त्या बाईंकडे मला नेशील का?"

मग तिनं सगळं सांगितलं. आधी डॉक्टरसारखं सांगितलं. त्या दुपारी जे झालं ते मेंदूतलं काही असावं अशी तिची पहिली शंका होती. फीटचा एखादा प्रकार, किंवा गाठ. मला न सांगता ती तिच्या ओळखीच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेली. डोक्याला तारा लावून तपासणी झाली, स्कॅन झाला. सगळं नॉर्मल.

"पण झालं काय होतं?"

"पाणी पडत होतं. बस एवढंच."

"म्हणजे तू पूर्णपणे त्या क्षणात होतीस. लक्ष एकाग्र झालं होतं."

"नाही रे. मी नव्हतेच." ती वैतागली. "मी बेशुद्ध नव्हते, सगळं स्वच्छ होतं, इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. पण पाणी इकडे आणि बघणारी मी तिकडे, असं नव्हतं. पाणी होतं, आवाज होता, ऊन होतं, आणि त्या सगळ्याला कोणी मालक नव्हता. बाबा गेलेले होते, ते गेलेलेच होते. पण त्यात चुकीचं काही नव्हतं. मग तू आलास, बंद कर म्हणालास, आणि तूही तसाच होतास. मला इतकं हसू आलं! आणि मग मी परत आले, तेव्हा रडू."

मला तिच्यासाठी आनंद झाला का? थोडा. जास्त करून असं वाटलं की रांगेत मी उभा होतो आणि खिडकी तिच्यासमोर उघडली. मी तिथंच होतो, बागेत, तेच ऊन, तोच आवाज. मी पाऊल टेकवण्याकडे लक्ष देत होतो.

रविवारी मी तिला महालात नेलं. बैठक संपून बाकीचे गेल्यावर बाईंनी तिला समोर बसवलं. मी उठू लागलो तर म्हणाल्या, "तू बी बस गा. नवरा आहेस नं तिचा."

बायकोनं पुन्हा सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. मग अचानक म्हणाल्या, "ते पाणी दाखव मले."

बायको गोंधळली, मग चिडलीच. "दाखवायचं काय त्यात? कुठं लपलंय ते?"

बाई मोठ्यानं हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पारखून बघितल्यासारखे आणखी दोनतीन असेच आडवेतिडवे प्रश्न विचारले. बायकोनं जे सुचेल ते फटकन सांगितलं, एकदा तर बाईंचा हातच धरला. मग बाई गंभीर झाल्या.

"आता आहे ते?"

"नाही. आठवण आहे."

"मंग आठवणीले धरू नको. झालं ते खरं आहे वं, डोकं फिरलं नाही तुझं. पण लहानसं आहे. फट पडली आणि बुजली. काही लोक अशा एका फटीवर जन्मभर बोलत राहतात, अन् काही लोक जन्मभर ती शोधत फिरतात. तू दोन्ही करू नको."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, मग माझं काय? मी इतकी वर्षं लक्ष द्यायला शिकतोय. ही एक दिवस बसली नाही. की दिवसभर दातांत बघून बघून हिचं ध्यान आपोआपच होत होतं?"

"तसं म्हटलं तं सोपं होईल," बाई म्हणाल्या. "पण मले नाही वाटत तसं. लक्ष तं सोनार बी देते, चोर बी देते. तू जे करून राहिला त्यात लक्ष देणारा कोणी आहे. तो शांत होते, चांगलं झोपते, बायकोवर कमी ओरडते. चांगलं आहे, मी हसून नाही राहिली त्याले. पण हिले झालं त्यात तो देणाराच नव्हता. देणाऱ्याले किती बी शहाणं केलं तरी त्यानं तो जात नाही. जाते तेव्हा आपल्या मनानं जाते."

"मग बसायचं कशाला?"

यावर बाईंनी जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून आधी कधीच ऐकलं नव्हतं.

"मले टॉवेल वाळू घालताना झालं. म्हटलं, आता झालं सगळं. गुरू बी म्हणाले, खरं आहे. मंग मी इकडे आली, आईपाशी. आई अंथरुणात. रात्रंदिवस हाका मारे. अन् मी तिच्यावर ओरडत होती. ज्या बाईले सगळं एक आहे म्हणून दिसलं होतं, तीच बाई आईच्या हातातून वाटी हिसकून घेऊन राहिली होती. तेव्हा समजलं. ते झालं तरी माणूस परत येते. परत आलेल्या माणसाले रोज जगा लागते. तेव्हा तुझं ते कामी येते, ते हळू खाणं, श्वास पाहणं. त्याच्यानं ते होत नाही. पण झाल्यावर त्याच्याशिवाय चालत नाही. म्हणून बसाचं."

गाडीत बायको म्हणाली, "छान आहेत बाई." मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, पण आवडलं नव्हतं. जन्मभर शिड्या चढाव्यात आणि कळावं की शिडी वर जाण्यासाठी नव्हतीच, खाली आलेल्याला धरण्यासाठी होती, तसं काहीसं.

बाई म्हणाल्या तेच झालं, आणि अगदी लवकर. उन्हाळा लागेपर्यंत बायकोची ती शांतता ओसरली. ती शनिवारी बागेत जायला लागली. भाऊ म्हणायचा, ताई काहून इतक्या वेळा येऊन राहिली? ती मोटर सुरू करून टाक्यापाशी उभी राहायची. पाणी पडायचं आणि ती पाण्याकडे बघत असायची, दोघं वेगवेगळी. परत यायची ती चिडून. दवाखान्यातल्या मदतनीस बाईला तिनं क्षुल्लक कारणावरून रडवलं. घरात वडिलांचा विषय निघाला की उठून जायची. एका सकाळी ती गॅलरीत माझ्या शेजारी येऊन जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "होतं त्यापेक्षा वाईट झालंय. आधी मला निदान माहीत नव्हतं."

त्या वेळी मला खूप काही सांगता आलं असतं. मी फक्त म्हटलं, "पाठ सरळ कर. श्वास बाहेर जाईल तेवढा बघ."

"हे तुझ्या ऑफिसातलं?"

"हो."

तिनं थट्टा केली नाही. डोळे अर्धे मिटले. खाली दूधवाला आला, शेजारच्यांचा मिक्सर लागला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "छातीत दगड आहे." मी म्हटलं, "असू दे. कुठं आहे, केवढा आहे, तेवढं बघ." तिला पुन्हा रडू आलं, पण या वेळी ती ते रडू बसल्या बसल्या बघू शकली. माझ्या हातात कधी नव्हती ती गोष्ट तिच्याकडे होती, आणि तिच्याकडे नव्हती ती माझ्याकडे. त्या सकाळी मला ते पहिल्यांदा ठीक वाटलं.

मग ती रोजच येऊ लागली. आधी पाच मिनिटं, मग माझ्याइतकी. दवाखान्यातल्या मदतनीस बाईची तिनं माफी मागितली. बागेत जाणं कमी झालं, आणि गेली तर भावाशी भांडायला किंवा संत्री आणायला. वडिलांबद्दल ती आता मोकळेपणानं बोलते, त्यांची नक्कलही करते. ती दुपार परत आलेली नाही. मी एकदा विचारलं, यावी असं वाटतं का? ती म्हणाली, "वाटतं. आणि वाटतं ते कळतं. मग पुढचा पेशंट येतो."

मला काही झालेलं नाही. आजवर नाही. ऑफिसात आता पोरं विचारतात, सर, याच्यातून समाधी लागते का? पूर्वी मी गूढ हसायचो. आता सांगतो, झोप चांगली लागेल, घबराहट कमी होईल, आणि हे थोडं नाही. एक मुलगी म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, बाकीचं मला माहीत नाही. हे वाक्य उच्चारताना पूर्वी वाटली असती तशी लाज वाटली नाही.

गेल्या महिन्यात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्या खुर्चीवर बसून बैठक घेतात. आम्ही दोघांनीच त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आणलं. उंबरठ्यात त्या थांबल्या. खोली, भिंत, खिडकी, उशा, सगळीकडे एकदा निरखून पाहिलं. आम्ही दोघं श्वास रोखून, की बाई आता काय बोलतात.

"अवं माय!" बाई म्हणाल्या. "इतकी घाण होती काय घरात? कोणी सांगितलं काहून नाही मले?"

बायकोनं पदर खोचला आणि फडकं कुठं आहे विचारलं. मी स्टूल घेऊन पंख्याकडे गेलो. बाई खुर्चीत बसून कोपरे दाखवत होत्या. दुपारपर्यंत आम्ही जाळी काढत होतो.